कच्ची पहिली आणि शाकाहारी मासोळ्या

आमच्या तळ्यातल्या मासोळ्या शाकाहारी आहेत. हे मी छाती काढून सांगतो, कारण आमच्या घरात तेवढ्याच शाकाहारी आहेत.

मी खातो. माझी बायको सरस्वती खाते (सोमवार सोडून). पोरगा खातो. सून संगीता तर कारंजा घाडग्याच्या धाबेवाल्याची पोरगी, तिचं विचारूच नका. तिचे वडील, म्हणजे आमचे इवाई नत्थूजी, हायवेवर ट्रकवाल्यांना रस्सा पाजून पाजून मोठे झाले. मोठे म्हणजे चहूबाजूंनी मोठे! ते आमच्या बाजेवर बसले की बाज आधी कुरकुरते आणि मग एकदम गप्प होते. मला वाटतं बेशुद्ध पडते.

आता माझं. माझं शिक्षण कच्ची पहिली. आमच्या वेळी पहिल्या दोन असायच्या, एक कच्ची आणि एक पक्की. कच्चीत नुसतं बसायचं, पक्कीत शिकायचं. बसण्याचं काम मी फार चांगलं केलं. पक्कीच्या पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "हात पुढं कर." मी म्हटलं, "काऊन?" त्यांनी कारण सांगितलं नाही, मी हात पुढे केला नाही. तिथं आमचं जे फाटलं ते फाटलंच. मी पाटी उचलली, घरी आलो, आणि बापानं ढोरं माझ्या हवाली केली. ढोरांनी मला जन्मात कधी हात पुढे करायला लावला नाही. म्हणून मी म्हणतो, शाळेवाचून माझं काही अडलं नाही!

("तुमचं नाई अडलं," सरस्वती म्हणते, "आमचं अडलं.")

तर सेलूच्या अलीकडे आमचं वावर आणि वावरात शेततळं. ते खणलं कपाशीच्या पाण्यासाठी. पण संगीता पडली बारावी सायन्स. तिला रिकामं पाणी बघवेना. कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, "मामाजी, तळ्यात मासोळी सोडाव म्हनतो."

मासोळी म्हटल्यावर माझ्या तोंडाला त्या तळ्यापेक्षा जास्त पाणी सुटलं. मी म्हटलं, "सोड! विचारते काय?"

पावसाळ्यात रोहू आणि कटल्याची बोटाएवढी पिल्लं आली. पाणी भरलेल्या फुगीर पिशव्यांतून, अगदी पाहुण्यांसारखी! त्यांच्यासोबत आलं एक पोतं. पोत्यात बारीक गोळ्या. मी पोत्याचं तोंड सोडलं, नाक आत घातलं आणि तसाच मागे सरकलो.

"सूनबाई, ह्याले मासोळीचा वास काऊन येऊन राह्यला?"

"मामाजी, त्यात मासोळीचा चुरा असते थोडासा. बाकी तं—"

"मासोळीचा चुरा? मासोळीले?"

"थोडासाच जी. बाकी तं—"

"बाकी काई नाई! माह्या तळ्यात भाऊ भावाले खाईन काय? हे पाप मी नाई होऊ देनार!"

चुलीपाशी सरस्वती ज्वारीची भाकर थापत होती. थापता थापताच म्हणाली, "अजी, तुमी अन तुमचे भाऊ वावराच्या धुऱ्यासाठी एकमेकाले कच्चं खाले निंघालते. तवा कुठी गेलतं पाप?"

"थे येगळं. आमाले कोनी पोत्यात भरून नाई देल्लतं."

संगीतानं पदर खोचला. "पन मामाजी, ऐका तं. बाकी तं त्यात—"

"हत्ती काय खाते?" मी विचारलं.

"जी?"

"हत्ती! पाला खाते का नाई? म्हैस काय खाते? कुटार अन ढेप. दोघातल्या एकाले तरी वाळलेलं पायलं काय तू? मंग मासोळीलेच मासोळी काऊन पाह्यजे?"

"मामाजी, म्हशीचं पोट येगळं, मासोळीचं पोट—"

"पोट थे पोट!" मी निकाल दिला आणि पोतं पायानं बाजूला सारलं. (पोतं हललं नाही. पायाचा अंगठा आठवडाभर सुजलेला होता.)

नेमके त्याच दिवशी इवाई आलेले. पोरीची मासोळी पाहायला म्हणून खास धाबा सोडून आलेले. त्यांनी बाजेवर बसूनच न्याय केला. "इवाई, भांडता काऊन? तळ्याच्या मधोमध जाळी बांधा. अर्धं तुमचं, अर्धं संगीचं. तुमी तुमचा हत्तीचा खुराक द्या, ती तिचं पोतं देईन. कापूस फुटला का मी येतो. ज्याच्या मासोळ्या मोठ्या, तळं त्याच्या हुकमात!"

"मंजूर!"

"अन तुमी हारले तं?"

मी हरणार नव्हतो, म्हणून जे तोंडात आलं ते बोललो. "हारलो तं तुमच्या पोरीले चारचौघांत मास्तरीनबाई म्हनीन! पाटी घेऊन तिच्यापुढं बसीन! राह्यलेली पक्की पहिली तिच्याजवळ करीन!"

चुलीपाशी थापण्याचा आवाज थांबला. सरस्वतीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नात अंतरपाट सरकल्यावर पाहिलं होतं, तसं.

"अन जितलो," मी म्हटलं, "तं तुमच्या धाब्याच्या बोर्डावर लिवाचं, 'इथं शाकाहारी मासोळी भेटते'!"

इवाईंनी घाम पुसला. हायवेवर असा बोर्ड लागला तर ट्रकवाले धाब्यावर थांबतील ते नुसते पाहायला थांबतील, हे त्यांनाही कळलं. पण माणूस मानी. "मंजूर," म्हणाले.

जाळी बांधली. इकडे माझ्या मासोळ्या, तिकडे तिच्या.

मी घरचं सोयाबीन काढलं. जो तो सांगतो, सोयाबीनमध्ये ताकद असते. मग माझ्या मासोळ्यांना ताकदच देऊ! पायली घेऊन चक्कीवर गेलो. चक्कीवाला दाण्यात हात घालून म्हणाला, "काका, भाजलं नाई काय?"

"तू दळाचे पैसे घेते का भाजाचे?"

"नाई, म्हटलं, बाया भाजून आनते म्हनून..."

"हे बायाचं नोहे. हे मासोळीचं हाय."

तो गप्प बसला. माझ्याशी बोलताना लोक शेवटी गप्प बसतात. हा माझा मोठा गुण आहे आणि सगळं नुकसान त्याच गुणानं झालं.

पिठाचे मी लाडू वळले. काठावर उभा राहून पहिला लाडू टाकला. मासोळ्या अशा तुटून पडल्या की काय सांगू! लग्नातल्या बुंदीवर पोरं पडतात तशा. मी जाळीपलीकडे उभ्या असलेल्या सुनेला ऐकू जाईल असं म्हटलं, "खा, खा! घरचं हाय! सोयऱ्याधायऱ्याचं हाडूक नाई त्यात!"

 संगीता मूठभर गोळ्या टाकून निघून गेली. मला वाटलं, घाबरली.

काही दिवसांनी मला माझ्या मासोळ्यांत एक वेगळीच गोष्ट दिसली. प्रत्येकीच्या मागे एक पांढरा लांब दोरा! मासोळी पुढे, दोरा मागे. सगळं तळं पतंगांनी भरलेलं!

मी सरस्वतीला दाखवायला नेलं. "पाय! कशी ताकद निंघून राह्यली!"

ती काठावर उकिडवी बसली. बराच वेळ पाहिलं. पोरंबाळं वाढवलेली बाई, तिला असल्या गोष्टी लांबून कळतात. "अजी, ही ताकद नोहे. पोट बिघडलं त्याहिचं. खाल्लं तसंच भायेर येऊन राह्यलं."

"मासोळीचं पोट तुले काय दिसते?"

"पोट नाई दिसत. दोरा दिसते ना!"

मी म्हटलं, खुराक कमी पडत असेल. लाडू दुप्पट केले. दोरेही दुप्पट झाले. माझ्या बाजूचं पाणी हिरवं होऊन त्यावर फेस आला. जाळीपलीकडे मात्र संध्याकाळ झाली की छपाक! छपाक! तिच्या मासोळ्या उड्या मारायच्या. माझ्या उडी मारायच्या नाहीत. माझ्या विचार करत बसल्यासारख्या तळाशी बसायच्या.

मी ठरवलं, नजर लागली. जाळीच्या खुंट्याला लिंबू-मिरची बांधली. इवाईंची नजर असणार! त्या माणसाच्या नजरेनं मी आमच्या घरची कोंबडी अंडं द्यायची बंद झालेली पाहिली आहे. (सरस्वतीचं म्हणणं, ती कोंबडी नव्हती, कोंबडा होता. असो.)

पोळा गेला. संगीतानं हातजाळं टाकून दोन्हीकडची एकेक मासोळी काढली आणि आमच्या पुढ्यात ताटलीत ठेवली. तिची, भरताच्या वांग्याएवढी. माझी, भाजीच्या वांग्याएवढी. तेही कोवळ्या.

"लहान वांग्यालेच चव असते," मी म्हटलं.

"हौ," सरस्वती म्हणाली, "अन लहान वांग्याच्या पोटात असं हवा भरल्यावानी नाई राह्यत."

खरं सांगतो, तेव्हा मी पहिल्यांदा दिवस मोजले. कापूस फुटायला लागलेला. इवाई येणार. मी चारचौघांत सुनेला मास्तरीणबाई म्हणतो आहे, मांडीवर पाटी आहे, आणि ती म्हणते आहे, "मामाजी, हात पुढं करा"... माझ्या डोळ्यांपुढे हे नाटक रोज व्हायला लागलं. जेवताना व्हायचं, बैल सोडताना व्हायचं. ढोरं राखून राखून जो मान मिळवला तो बोटाएवढ्या मासोळ्या खाणार, असं दिसू लागलं.

तेव्हा मी एक डाव केला.

दुपारची वेळ. संगीता आणि सरस्वती कपाशीत. पोरगा नालवाडीला टायरच्या दुकानात नोकरीला, तो संध्याकाळीच यायचा. मी हळूच जाळीचं एक टोक सोडलं. हिशोब सरळ होता. माझ्या बाजूला लाडवाचा ढीग टाकायचा, त्या वासानं तिच्या मोठ्या मासोळ्या इकडे येतील, मग टोक पुन्हा बांधायचं. मोठ्या झाल्या माझ्या! जाळी कोणी सोडली म्हटलं तर म्हैस आहेच. बिचारी नाही म्हणत नाही.

लाडू टाकले. खुंट्यापाशी बसलो. थोडी डुलकी लागली.

डोळे उघडले तर माझ्या बाजूला सामसूम! एक दोरा दिसेना! पलीकडे पाहतो तर तिच्या बाजूला पाणी नुसतं उकळतंय. माझ्या सगळ्या मासोळ्या, घरच्या सोयाबीनवर वाढलेल्या, मी पापापासून वाचवलेल्या, त्या एकजात पक्ष बदलून तिच्या गोळ्यांवर तुटून पडल्या होत्या! भाऊ भावाला खात होता आणि आणखी मागत होता!

"मामाजी," मागून आवाज आला, "जाळी कोनं सोडली?"

"म्हशीनं," मी म्हटलं.

"म्हैस तं सेलूच्या दवाखान्यात नेली आज सकाळीच तुमच्या पोरानं."

 संगीता हसली नाही, हे तिच्या बापापेक्षा तिचं मोठेपण. तिनं पदर खोचला, पाण्यात उतरली आणि संध्याकाळपर्यंत हातजाळ्यानं मासोळ्या निवडल्या. माझ्या कोणत्या आणि तिच्या कोणत्या हे ओळखायला जड जाईल असं मला वाटलं होतं. अजिबात जड गेलं नाही.

शेवटी तो दिवस आला. नत्थूजी आले. चारचाकीतून उतरले तशी गाडी वीतभर वर उचलली गेली. वावरातच जेवणाचा बेत. चहूकडे पांढराशुभ्र कापूस आणि त्यात वेचणाऱ्या बाया. संगीतानं दोन्हीकडच्या थोड्या मासोळ्या काढून दोन टोपल्यांत मांडल्या.

इवाईंनी तिच्या टोपलीतली एक उचलली, ती त्यांच्या पंजाबाहेर गेली. माझ्या टोपलीतली उचलली, ती पंजात हरवली.

"इवाई, ह्या मासोळ्या हाय का टाचन्या?"

कापसातल्या बाया फिस्सकन हसल्या. माझे कान गरम झाले.

"मासोळी लहान असन," मी म्हटलं, "खुराकात खोट नाई!"

"मंग वाढल्या काऊन नाई?"

"तुमची नजर!"

"मामाजी," संगीता हळूच म्हणाली, "नजर नाई जी. सोयाबीन कच्चं—"

"कच्चं तं कच्चं! कच्चा कांदा खात नाई काय मानूस? कच्ची काकडी खात नाई काय? पोट थे पोट!" आणि बोलता बोलता मी मासोळ्यांसाठी वळून आणलेल्या लाडवांतला एक उचलला. "हे पाहा! जे माह्या मासोळीनं खाल्लं थे मी खातो! मले काई झालं तं मी हारलो!"

"अजी!" सरस्वती ओरडली. "ठेवा थे खाली! मी कनकीत टाकतो तवा बी भाजून टाकतो!"

पण तोवर लाडू तोंडात गेला होता. चव सांगायची तर ओल्या भिंतीला जीभ लावल्यासारखी. कच्चट, कडवट, आणि टाळूला चिकटणारी. इवाई टक लावून पाहत होते म्हणून मी दुसरा उचलला. बाया वेचणं सोडून पाहायला लागल्या म्हणून तिसरा. माणसाला बघणारे मिळाले की तो काहीही खातो.

"पाहा," मी तोंड पुसलं, "काई झालं काय?"

काही झालं नव्हतं. इवाईंचा चेहरा पडला. मला धाब्यावरचा बोर्ड दिसायला लागला.

आम्ही जेवायला बसलो. संगीताच्या मासोळीचा लाल रस्सा, सोबत भाकरी. मी यजमान, इवाईंच्या शेजारी. दोन घास झाले नसतील, तर पोटातून एक आवाज आला. लांबून बंडी पुलावरून जावी तसा.

इवाईंनी वर पाहिलं. "आभाळ गरजून राह्यलं काय?"

"हौ," मी म्हटलं. "पानी येते वाटते."

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. थोड्या वेळानं बंडी परत आली. या वेळी बैल उधळलेले! पोट नगाऱ्यासारखं ताणलं, पाठीवरून थंड घाम सुटला. मला एकदम माझ्या मासोळ्या आठवल्या. त्या तळाशी बसून कसला विचार करत असतील, ते मला कळलं.

"इवाई, घ्या ना रस्सा," इवाई मलाच आग्रह करत होते. "काऊन, थांबले?"

"झालं... माहं... पोट भरलं."

"येवढ्यात?"

"गच्च भरलं."

नेमके त्याच वेळी इवाई उठले. "जरा जाऊन येतो," म्हणून पाण्याचं टमरेल घेऊन वावरातल्या संडासात गेले. कडी लागल्याचा आवाज आला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

हा संडास संगीतानंच हट्टानं बांधवला होता. मी विरोध केला होता. मी म्हटलं होतं, "वावरात संडास म्हनजे समुद्रात न्हानीघर!" आता वावर समोर पसरलेलं होतं, पण जिकडे पाहावं तिकडे कापूस आणि प्रत्येक ओळीत एक बाई! आडोसा म्हणून फक्त तो एक संडास आणि त्यात आमचे इवाई.

मी दारापाशी गेलो. आत ते फोनवर धाब्याच्या आचाऱ्याशी बोलत होते. "...जिरं कमी टाक, कालच्यावानी नोको..."

"इवाई!" मी दार वाजवलं.

"काहो?"

"निंघा!"

"आत्ताच तं आलो."

"मंग आत्ताच निंघा!"

 मग आतून खुदकन हसल्याचा आवाज. (दाराआडून हसणारा माणूस फार वाईट दिसतो, दिसत नसला तरी.)

"इवाई," ते आतून म्हणाले, "काई झालं काय?"

"नाई!"

"मंग बसतो निवांत."

मी एका पायावर उभा राहिलो. मग दुसऱ्या. मग दोन्ही पाय एकमेकांत गुंफले. काठीचा टेकू घेतला. सगळी पूर्वजांची नावं झाली, देवांची झाली.

"इवाई! पाया पडतो!"

"पाया नोका पडू. बोला, काई झालं काय?"

"झालं!"

"मंग कोन हारलं?"

मी दात आवळले. तेवढ्यात आतली बंडी थेट पुलाच्या टोकाला आली.

"मी! मी हारलो!"

"आयकू नाई आलं! अन संगी कोन?"

"सूनबाई!"

"ते तं हायच. अजून कोन?"

जन्मात मी कोणापुढे वाकलो नव्हतो. मास्तरांपुढे नाही, भावापुढे नाही, तलाठ्यापुढे नाही. त्या घडीला मी कमरेतून पूर्ण वाकलेलो होतो आणि सरळ होता येत नव्हतं. मी डोळे मिटले आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल अशा आवाजात बोंबललो, "मास्तरीनबाई! संगीता मास्तरीनबाई हाय! तळं तिचं! मासोळ्या तिच्या! दार उघडाऽऽ!"

कडी निघाली. पुढचं मी बोलत नाही. एवढंच सांगतो, की वावरात संडास असावा. प्रत्येक शेतकऱ्यानं बांधावा.

संध्याकाळी मी बाजेवर आडवा होतो. सरस्वतीनं ओवा आणि काळं मीठ कोमट पाण्यातून पाजलं. "पोट थे पोट," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण किती वेळा म्हणाली!

संगीता पायथ्याशी येऊन बसली. मी म्हटलं, "बोला, मास्तरीनबाई."

ती लाजली. "मामाजी, पयल्या दिवशी मी हेच सांगत होती. त्या पोत्यात मासोळीचा चुरा थोडासाच असते. बाकी तं सोयाबीनच असते!"

मी उठून बसलो. "काय?"

"सोयाबीन, ढेप, कोंडा. पन सोयाबीन आचेवरून काढलेलं. कच्च्या सोयाबीनात असं काई असते का पोटातल्या पचवनाऱ्या रसालेच थे बांधून ठेवते. मंग किती बी खाल्लं तरी अंगी नाई लागत. ना मासोळीच्या, ना मानसाच्या. भाजलं, शिजवलं का त्याचा जोर जाते."

"म्हनजे सोयाबीन देनं बरोबर होतं?"

"हौ जी, बरोबरच होतं."

"म्हनजे मी बरोबर होतो!"

"हौ. फक्त कच्चे होते."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तुमी 'बाकी'च्या पुढं जाऊच नाई देल्लं!"

शेजारच्या खाटेवर इवाई इतके हसले की खाटेची एक दोरी तुटली.

तळं आता तिच्या हुकमात, पण माझी बाजू तिनं माझ्याकडेच ठेवली; तेव्हापासून रोज सकाळी मी कढईत सोयाबीन भाजतो. खमंग वास सुटेपर्यंत. मग दळून, कोंडा आणि ढेप मिसळून, शिजवून त्याचे लाडू वळतो आणि तळ्यावर नेतो. दोरे गेले. फेस गेला. परवा माझ्या बाजूला एक छपाक झालं. मी सरस्वतीला ओढत नेऊन दाखवलं, पण तोवर ती मासोळी खाली गेली होती. संगीताच्या बाजूची बरोबरी अजून नाही. ती म्हणते, "मामाजी, आठवड्यातून थोड्याशा गोळ्या बी टाकत जाजा, लवकर भरतात." मी टाकत नाही. भाऊ भावाला खाणार नाही म्हणजे नाही! (सरस्वतीचं म्हणणं, मी दुपारी झोपलो की कोणीतरी टाकतं. म्हैस असेल.)

आणि दिलेला शब्द मी पाळला. संगीतानं खरोखरच पाटी आणली. पहिल्या दिवशी मी मांडी घालून तिच्यापुढे बसलो. ती म्हणाली, "मामाजी, हात पुढं करा." माझं जुनं रक्त उसळलं. मी म्हणणार होतो, "काऊन?" पण पोटाला ती बंडी आठवली आणि मी गुपचूप हात पुढे केला.

तिनं माझ्या तळहातावर भाजलेले सोयाबीनचे दाणे ठेवले. "चावून पाहा. कच्चं कोनतं, पक्कं कोनतं, हे आलं का पयला धडा झाला."

मी चावलं. खुसखुशीत, गोडसर, पोटात गुमान जाणारं. धडा झाला.

तर अशी माझी पक्की पहिली या वयात पुरी झाली. बाकीची पोरं ती शाळेत बसून पास झाली, मी संडासाच्या दारात उभा राहून झालो, एवढाच काय तो फरक!